तेरेखोलच्या अलीकडे : हॉकीच्या इतिहासासंबंधी एक निराळे मत

(१)

कोणत्याही समाजाच्या संभाषणात काही विधाने अशी असतात की, ती कोणास सिद्ध करावी लागत नाहीत. ती उच्चारताच चारचौघे मान डोलावतात व बोलणे पुढे सरकते. हॉकीसंबंधी आपल्याकडे जी चर्चा चालते, ती अशा तीन विधानांवर उभी आहे. हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ होय, हे पहिले. एके काळी या खेळात आपणांस हरविणारा जगात कोणी नव्हता, हे दुसरे. आणि पाश्चात्त्यांनी गवताची मैदाने काढून त्यांच्या जागी कृत्रिम हिरवळ अंथरली म्हणून आपण बुडालो, हे तिसरे. आगगाडीच्या डब्यात, वाचनालयाच्या ओट्यावर, किंवा ऑलिंपिक स्पर्धा जवळ आल्या म्हणजे वर्तमानपत्रांच्या स्तंभांत, ही तीन विधाने याच क्रमाने येतात. यांपैकी एखाद्याविषयी कोणी शंका काढलीच, तर लग्नकार्यात वंशावळीचा वाद उकरून काढणाऱ्या पाहुण्याकडे जसे पाहावे तसे लोक त्याच्याकडे पाहतात. त्याच्या शंकेचे उत्तर कोणी देत नाही. त्याच्या देशप्रेमाची चौकशी मात्र सुरू होते.

प्रस्तुत लेखाचा हेतु ही तिन्ही विधाने, विशेषतः तिसरे, इतिहासाच्या कसोटीस लावून पाहण्याचा आहे. आणि ते पाहावयाचे आहे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून. यावर कोणी असा आक्षेप घेईल की, ज्या मालवण-वेंगुर्ल्याच्या मुलुखात शालेय स्पर्धांपलीकडे हॉकी कधी रुजली नाही, त्या मुलुखाने या चर्चेत तोंड का घालावे? परंतु आमच्या मते येथून पाहण्याचेच काही विशेष कारण आहे. एखादे पीक कशाने येते हे ठरवावयाचे असेल, तर जेथे ते जोमाने आले तेवढीच शेते पाहून भागत नाही. शेजारचे जे शेत कोरडे राहिले तेही पाहावे लागते. त्या दोन शेतांतील फरकातच कारण सापडण्याचा संभव अधिक.

(२)

पहिल्या विधानाचा निकाल थोडक्यात लागतो. २०१२ साली माहितीच्या अधिकाराखाली विचारलेल्या प्रश्नास केंद्र सरकारने असे उत्तर दिले की, कोणत्याही खेळास राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर करण्यात आलेले नाही. २०२० साली धुळ्याच्या एका शिक्षकाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हाही उत्तर तेच आले. तथापि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षे पाठ केलेले उत्तर एका सरकारी पत्राने पुसले जाईल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

दुसऱ्या विधानात सत्याचा अंश फार मोठा आहे, आणि तो कोणी नाकारू नये. १९२८ पासून १९५६ पर्यंत भरलेल्या सहाही ऑलिंपिक स्पर्धांत हॉकीचे सुवर्णपदक भारताने मिळविले. १९२८ साली ॲम्स्टरडॅम येथे पाच सामन्यांत भारताने २९ गोल केले व स्वतःवर एकही होऊ दिला नाही. परंतु 'कोणी हरवू शकत नव्हते' असे म्हणण्यापूर्वी दोन सामने आठवावेत. त्याच १९२८ साली युरोपास निघालेला हा संघ बोटीवर चढण्यापूर्वी मुंबईच्या संघाशी खेळला, आणि २ विरुद्ध ३ असा हरला. मुंबईच्या धक्क्यावर त्यास निरोप द्यावयास अवघी तीन माणसे आली होती. परतल्यावर मात्र त्याच बंदरात लोकांची दाटी झाली. दुसरा सामना १९३६ सालचा. बर्लिन येथे स्पर्धेपूर्वीच्या सरावात १७ जुलै रोजी जर्मनीने भारतास ४ विरुद्ध १ असे हरविले. त्या पराभवाने संघाची झोप उडाली, दारा यांस हिंदुस्थानातून तातडीने बोलावून घेण्यात आले, आणि १५ ऑगस्ट रोजी अंतिम सामन्यात त्याच जर्मनीचा ८ विरुद्ध १ असा पाडाव झाला. ज्यांस कोणीच हरवू शकत नाही त्यांच्या विजयापेक्षा, पराभवानंतर चुका शोधून सावरलेल्यांचा हा विजय आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. पण दंतकथेस पराभव सोसवत नाही, म्हणून ती हा अर्धा भाग गाळून टाकते.

१९३२ सालच्या लॉस एंजेलिस येथील २४ विरुद्ध १ या विजयाचेही असेच आहे. अमेरिकेवरचा हा विजय आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या स्पर्धेत भारत, जपान व अमेरिका असे तीनच संघ उतरले होते, आणि दोन्ही सामने हरूनही अमेरिकेस कांस्यपदक मिळाले, हे सांगत नाही. बर्लिन येथे हिटलरने ध्यानचंद यांस जर्मन सैन्यात अधिकाराची जागा देऊ केली व त्यांनी ती नाकारली, ही कथा तर प्रत्येक घरी ऐकावयास मिळते. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ध्यानचंद यांच्या आत्मचरित्रात अशा देकाराची हकीकत नाही. एवढी मोठी गोष्ट घडली असती तर ती ज्याच्यावर गुदरली तो माणूस विसरला असता काय, याचा विचार वाचकांनीच करावा. आत्मचरित्रात जे आहे ते कमी रोमहर्षक नाही : अंतिम सामन्यापूर्वी संघाच्या खोलीत पंकज गुप्ता यांनी तिरंगा बाहेर काढला आणि परक्या राज्याच्या नावाने खेळणाऱ्या त्या खेळाडूंनी त्यास वंदन केले. खरी हकीकत इतकी उदात्त असता तिजवर कल्पित हकीकतीचा मुलामा चढविण्याचे कारण काय?

(३)

आता तिसऱ्या व मुख्य विधानाकडे वळू. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडल्याखेरीज त्याचे खंडन करू नये, हा वादाचा जुना नियम आहे. तो येथे पाळला पाहिजे. १९७५ साली क्वालालंपूर येथे गवताच्या मैदानावर भारताने पाकिस्तानास २ विरुद्ध १ असे हरवून विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियल येथे ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. तेथे ऑस्ट्रेलियाने भारतास ६ विरुद्ध १ असे झोडपले व भारत सातव्या क्रमांकावर गेला. एका वर्षात जगज्जेता सातवा होतो, आणि त्या वर्षात बदललेली ठळक वस्तु एकच, ती म्हणजे भूमी. त्यातही ही नवी भूमी खर्चाची, पाण्याची तहान मोठी असलेली, चेंडूस वेग देणारी व केवळ मनगटापेक्षा दमाची परीक्षा अधिक घेणारी. आपल्या खेळाडूंस तिच्यावर सराव करावयास स्वदेशी जागा नव्हती. हा पुरावा दुबळा नाही, आणि भूमीच्या बदलाने आपले काहीच बिघडले नाही असे म्हणणारा मनुष्य हट्टी ठरेल.

परंतु कारण आणि निमित्त यांत भेद आहे. रोगी पावसात भिजला व दगावला. तरी तो पावसाने मेला की आधीच जडलेल्या व्याधीने, हे वैद्य नाडीचा पूर्वेतिहास पाहून ठरवितो. हॉकीची नाडी पूर्वीपासूनच मंद होत होती. १९६० साली रोम येथे पाकिस्तानने भारतास १ विरुद्ध ० असे हरवून सुवर्णपदकांची अखंड मालिका तोडली. ती भूमी गवताची होती. १९६४ साली टोकियो येथे भारताने पदक परत मिळविले, पण १९६८ साली मेक्सिकोत तो इतिहासात प्रथमच अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला नाही. त्या वर्षी आपल्या संघास पृथिपाल सिंग व गुरबक्ष सिंग असे दोन संयुक्त कर्णधार नेमलेले होते! एका नावेस दोन सुकाणू लावणाऱ्या तांडेलाचे काय होते हे आमच्या किनाऱ्यावरच्या कोणाही पागी-गाबिताने सांगितले असते. १९७२ साली म्युनिक येथे पुन्हा कांस्यपदक, भूमी गवताचीच. म्हणजे माँट्रियलपूर्वीच्या चार ऑलिंपिक स्पर्धांत भारताने सुवर्ण जिंकले ते एकदाच.

याहून बळकट पुरावा शेजारचा आहे. पाकिस्तानचे खेळाडू त्याच मातीत वाढले, तेच मनगटाचे शास्त्र शिकले; किंबहुना लतीफ-उर-रहमान व अख्तर हुसेन हे १९४८ साली भारताकडून खेळले व १९५६ साली पाकिस्तानकडून. परकी भूमी हीच जर उपखंडाच्या हॉकीची मारेकरीण असती, तर तिने दोघांनाही सारखेच मारावयास हवे होते. परंतु ज्या माँट्रियल येथे भारत सातवा आला तेथेच पाकिस्तानने कांस्यपदक मिळविले. त्याने १९७८ व १९८२ साली विश्वचषक जिंकला, १९८४ साली ऑलिंपिक सुवर्ण घेतले व १९९४ साली पुन्हा विश्वचषक पटकाविला. पुढे त्याच पाकिस्तानास २०१६, २०२० व २०२४ या तिन्ही ऑलिंपिक स्पर्धांत प्रवेशही मिळाला नाही. भूमी तीच राहिली. एकदा ती चढाच्या आड आली नाही, आणि पुढे ती उतार थांबवूही शकली नाही.

आणखी एक दाखला देणे अवश्य आहे, कारण आपल्या चर्चेत तो सहसा येतच नाही. १९८२ साली दिल्ली येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताचा पुरुषसंघ पाकिस्तानकडून ७ विरुद्ध १ असा हरला. हा पराभव राष्ट्राच्या स्मृतीत कोरला गेला आहे. त्याच स्पर्धांत, त्याच शहरात, भारताच्या स्त्रियांनी हॉकीचे सुवर्णपदक जिंकले, आणि त्यांच्या कर्णधार होत्या पुण्याच्या एलायझा नेल्सन. त्यापूर्वी १९८० साली मॉस्को येथे स्त्रियांची ऑलिंपिक हॉकी प्रथमच खेळली गेली, तेव्हा भारत चौथा आला होता. त्या संघात नेल्सन यांच्याबरोबर रेखा मुंडफन हे नावही आढळते. 'त्या काळी आपली हॉकी बुडाली' असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा 'आपली' या शब्दात अर्धा समाज धरलेला नसतो. ऱ्हासाचा इतिहास लिहिताना जे उत्कर्षाचे पान हाती येते ते फाडून टाकावयाचे, ही इतिहासलेखनाची रीत नव्हे.

(४)

भूमी हे मुख्य कारण नव्हे, तर मग काय? येथे आमच्या किनाऱ्याची साक्ष उपयोगी पडते.

हॉकीचे आजचे रूप हिंदुस्थानात आणले ते इंग्रजी सैन्याने, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात. कलकत्त्यास १८९५ साली बेटन चषकाची स्पर्धा सुरू झाली, मुंबईस १८९६ साली आगाखान चषकाची. तेथून खेळ पसरला तो वाटेल त्या दिशेने नव्हे. जेथे छावणी होती, जेथे आगगाडीचे मोठे ठाणे होते, जेथे नोकरी देऊन खेळाडू बाळगणारे खाते होते, तेथे तो गेला व राहिला. ध्यानचंद यांचे वडील सैन्यात होते, ते स्वतः १९२२ साली सैन्यात शिरले, आणि हॉकीची खरी गोडी त्यांस पलटणीतच लागली. ज्या एका संसारपूर गावाने डझनाहून अधिक ऑलिंपिक खेळाडू दिले, ते जालंदरच्या छावणीस लागून आहे. १९५६, १९६० व १९६४ या तीन ऑलिंपिक स्पर्धांत गोल राखणारे शंकर लक्ष्मण हे महूच्या छावणीत जन्मले व सैन्यातून निवृत्त झाले ते मराठा लाइट इन्फंट्रीचे कॅप्टन म्हणून. १९६४ च्या विजयी संघात त्यांच्याबरोबर बंडू पाटील हेही होते.

या मराठा पलटणीचे केंद्र बेळगावास आहे. नकाशावर पाहावे तर बेळगाव व वेंगुर्ले यांच्यामध्ये आंबोलीचा घाट तेवढा उभा आहे. एके काळी बेळगावच्या छावणीचे बंदर वेंगुर्लेच होते. सैनिक व सामान तेथे उतरून घाट चढे. परंतु हॉकी या देशात मूळ धरीत होती त्याच सुमारास, एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात, मार्मागोव्याची आगगाडी सुरू झाली आणि वेंगुर्ल्याच्या बंदरास उतरती कळा लागली. छावणी घाटावर राहिली, आगगाडी गोव्यातून गेली, आणि खालचा किनारा एकाकी पडला. आमच्या जिल्ह्यातून आगगाडी सलग धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ रोजी, म्हणजे हॉकी मुंबईस आल्यावर शंभर वर्षांनी. ज्या वाहनावर बसून हा खेळ देशभर फिरला ते वाहनच येथे आले नाही.

कोणी म्हणेल, येथील भूमीच हॉकीस अनुकूल नाही. सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, जांभ्याचे खडबडीत सडे, आणि भातकापणीनंतर मोकळे होणारे मळे. चेंडू सरळ धावेल अशी सपाट जागा मिळावयाची कोठे? हा तर्क सयुक्तिक दिसतो खरा. पण तेरेखोलची खाडी ओलांडताच तो ढासळतो. खाडीच्या पलीकडे गोमंतक. तोच पाऊस, तोच जांभा, तीच खाजणे व तेच माड. आणि १९४८ साली लंडन येथे स्वतंत्र भारताने इंग्लंडच्याच राजधानीत ग्रेट ब्रिटनला ४ विरुद्ध ० असे हरवून सुवर्णपदक मिळविले, त्या संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, रेजिनाल्ड रॉड्रिग्ज व मॅक्सी वाझ असे पाच गोमंतकीय वंशाचे खेळाडू होते. खाडीच्या एका तीरास पाच सुवर्णपदके व दुसऱ्या तीरास एकही नाही, हा फरक मातीने कसा पडावा?

उत्तर गोव्याच्या मातीतही नाही, कारण या खेळाडूंची हॉकी गोव्यात घडलीच नव्हती. लिओ पिंटो यांचा जन्म आफ्रिकेत नैरोबी येथे झाला. गोमंतकीय ख्रिस्ती समाज पोटासाठी मुंबईस, कराचीस, पूर्व आफ्रिकेस गेला तो एकेकटा न जाता आपल्या संस्था घेऊन गेला. धोबीतलावाच्या परिसरात गावोगावच्या लोकांच्या 'कुडी' होत्या. मिशनच्या शाळा होत्या. लुसिटेनियन्ससारखे क्रीडासंघ होते. आणि रेल्वे, बंदर, जकात अशा खात्यांत खेळाडूस नोकरी देणारे संघ होते. १९६० च्या दशकात केनियाच्या ऑलिंपिक संघातही फर्नांडिस व मेंडोन्सा ही नावे दिसतात, ती याच कारणाने. खेळ माणसांबरोबर बोटीवर चढला, आणि जेथे त्यास संस्था मिळाली तेथे उतरला.

मालवणी माणूसही त्याच मुंबईस गेला होता. पण तो उतरला गिरणगावात. लालबाग-परळच्या चाळींत त्यास जी संस्था मिळाली ती व्यायामशाळेची व कबड्डीच्या मंडळाची. आणि त्या मातीत त्याने जे नाव मिळविले ते काही कमी नव्हे. गोमंतकीयाच्या मनगटात हॉकी उपजत होती व मालवण्याच्या मांडीत कबड्डी, असे म्हणणे हा आळस होय. दोघांच्याही अंगी जे गुण होते ते एकाच किनाऱ्याचे होते. पुढे त्यांस मिळालेले दरवाजे मात्र निराळे निघाले.

(५)

हे एकदा ध्यानात आले म्हणजे ऱ्हासाचाही उलगडा होऊ लागतो. ज्या संस्थांनी हॉकी वाढविली त्या १९४७ नंतर एकामागून एक विरळ झाल्या. फाळणीने पंजाबच्या हॉकीचे दोन तुकडे केले. १९२८ च्या संघाचा कणा असलेला अँग्लो-इंडियन समाज मोठ्या संख्येने देश सोडून गेला. जबलपूरच्या पियर्स कुटुंबाचे पाच बंधू पश्चिम ऑस्ट्रेलियात जाऊन त्या देशाच्या संघाकडून खेळले. ज्या ऑस्ट्रेलियाने १९६८ साली उपान्त्य सामन्यात भारतास हरविले, तिला हॉकी शिकविणाऱ्यांत आपल्याच छावण्यांची मुले होती. मुंबईच्या गोमंतकीय वस्त्याही हळूहळू पांगल्या. या सर्वांचा परिणाम एका दिवसात दिसत नाही. वडिलार्जित ठेव असलेले घर मिळकत थांबल्यावरही काही वर्षे थाटाने चालते. तसे आपले १९४८, १९५२ व १९५६ चे विजय होते. ठेव संपली तेव्हा नेमकी भूमी बदलली, आणि दोष भूमीच्या माथी गेला.

याउलट जेथे संस्था टिकली तेथे कृत्रिम हिरवळ आडवी आली नाही. धनराज पिल्ले यांचे उदाहरण महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, जेथे त्यांचे वडील मैदानाची राखण करीत, तेथे मोडक्या स्टिका दोरीने बांधून हा मुलगा खेळावयास शिकला. ती भूमी माती-चिखलाची होती. तोच मुलगा १९९२ पासून २००४ पर्यंत चार ऑलिंपिक स्पर्धांत कृत्रिम हिरवळीवर खेळला, आणि त्याच्या धावेस आवर घालणे युरोपच्या बचावपटूंस जड गेले. खडकी ही छावणी आहे व कारखाना हे नोकरी देणारे खाते. म्हणजे ज्या दोन आधारांवर ध्यानचंदांची पिढी उभी राहिली तेच येथे शिल्लक होते.

अलीकडचा पुरावाही याच दिशेचा आहे. ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यात आदिवासी गावांच्या स्पर्धा चालतात, व जिंकणाऱ्यास बक्षीस म्हणून बोकड मिळतो. ही गावची संस्था आधी होती. तिच्या पाठीशी २०१८ पासून ओडिशा राज्याने राष्ट्रीय संघाचे पालकत्व घेतले. २०२१ साली टोकियो येथे जर्मनीस ५ विरुद्ध ४ असे हरवून भारताने एकेचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळविले, आणि २०२४ साली पॅरिस येथे स्पेनला २ विरुद्ध १ असे हरवून पुन्हा कांस्य. भूमी बदललेली नव्हती. बदलले होते ते पाठबळ, शिस्त व खेळाडूचा निर्वाह.

(६)

एवढ्यावर वाद मिटावा. पण तो मिटत नाही, कारण भूमीच्या कथेत एक मोठी सोय आहे. दोष परक्याचा ठरला म्हणजे घरच्या कोणास जाब द्यावा लागत नाही. १९६८ साली दोन कर्णधार का नेमले, खेळाडूंचे मानधन कोठे अडले, निवड कोणत्या न्यायाने होते, हे प्रश्न मग उद्भवतच नाहीत. आणि जो ते विचारील त्याची गत काय होते, हे १९९८ साली दिसले. त्या वर्षी डिसेंबरात बँकॉक येथे धनराज यांच्या नेतृत्वाखाली भारताने बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्णपदक जिंकले. त्यापूर्वीचे सुवर्णही १९६६ साली बँकॉकलाच, शंकर लक्ष्मण यांच्या नेतृत्वाखाली मिळाले होते. पदक गळ्यात पडल्यानंतर थोड्याच दिवसांत धनराज व आणखी सहा अनुभवी खेळाडू संघातून वगळले गेले. अधिकृत कारण 'विश्रांती' असे सांगण्यात आले. खेळाडूंच्या मानधनाविषयी उघड बोलल्याचा हा दंड होय, असेच सर्वत्र मानले गेले. पुढे २००८ साली भारताचा पुरुषसंघ ऑलिंपिकमध्ये प्रवेशही मिळवू शकला नाही, आणि लाचेच्या आरोपानंतर जुनी महासंघव्यवस्था मोडीत निघाली. दहा वर्षांपूर्वी विचारलेले प्रश्न त्याच वेळी ऐकून घेतले असते, तर हा दिवस कदाचित टळला असता.

निराळे मत मांडणाराही नेहमी बरोबर असतो असे नाही. विरुद्ध बोलणे हा काहींचा छंद असतो, व त्या छंदातून निघालेले मत प्रवाहाइतकेच आंधळे असते. १९२८ साली संघाचे कर्णधार जयपाल सिंग स्पर्धा संपण्यापूर्वीच संघातून दूर झाले. तेव्हा संघ त्यांच्यावाचून अंतिम सामना जिंकला, म्हणून त्यांची बाजू खोटी ठरत नाही, किंवा पुढे ते आदिवासींचे थोर पुढारी झाले म्हणून ती आपोआप खरीही ठरत नाही. मताचा निकाल माणसावरून वा परिणामावरून न लावता पुराव्यावरून लावावा. प्रतिपक्षाचे बळ मान्य करावे, आपल्यास अडचणीची सनावळी लपवू नये, आणि कोणी उलट पुरावा आणून दिला तर मत सोडण्याची तयारी ठेवावी. एवढ्या अटी जो पाळील त्यास चर्चेत आसन मिळालेच पाहिजे.

आमच्या जिल्ह्यापुरता या वादाचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. भूमीची कथा खरी मानली, तर मालवण, कुडाळ, सावंतवाडी येथील मुलांनी कोट्यवधी रुपयांची हिरवळ येईपर्यंत वाट पाहत बसावे, आणि ती आली नाही तर नशिबास बोल लावावा, एवढेच उरते. संस्थेची कथा खरी मानली, तर करण्यासारखे पुष्कळ आहे. एका शाळेत खेळ जाणणारा एक शिक्षक, तीसचाळीस स्टिका, कापणीनंतर मोकळा झालेला एक मळा, दरवर्षी न चुकता भरणारी गावागावांची एक स्पर्धा, मुलींस मुलांइतकाच वेळ, आणि चांगल्या खेळाडूस पुढे नोकरीची आशा. यांत हिरवळीइतका खर्च नाही. जत्रा, दशावतार व कबड्डीची मंडळे पिढ्यान् पिढ्या स्वबळावर चालविणाऱ्या या मुलुखास संस्था चालविण्याची विद्या नवी नाही. उत्तम खेळाडू निघाल्यावर कृत्रिम भूमीची गरज पडेलच. पण ती वरच्या मजल्याची फरशी आहे, पायाचा दगड नव्हे.

तेरेखोलच्या पलीकडे जे घडले ते अलीकडे घडले नाही, याचे कारण पाण्यात वा मातीत नव्हते. ते माणसांच्या हातचे होते. आणि जे माणसांच्या हातचे असते ते अजूनही करता येते.